सात दिवसांत उच्च चेतना?

महोदय,

'सात दिवसांत उच्च चेतना' असा ध्यानशिबिराचा फलक सध्या आमच्या भागात विजेच्या खांबावर लटकतो आहे. खाली शुल्क आणि मोबाइल नंबर. ध्यानाबद्दल तक्रार नाही. सिद्धेश्वर तलावाकाठी डोळे मिटून बसणाऱ्यांत मीही असतो. मन निवते, झोप बरी लागते. पण मन निवणे वेगळे आणि चेतनेची वरची पायरी चढणे वेगळे.

विज्ञानाचा दाखला तर सर्रास दिला जातो. अमेरिकेतील मेंदू-संशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने २००४ मध्ये बौद्ध साधकांच्या मेंदूत ध्यानावेळी गॅमा लहरी (मेंदूतल्या जलद विद्युत लहरी) वाढल्याचे नोंदवले, हे खरे. मात्र त्या साधकांचे ध्यान १०,००० तासांहून जास्त झालेले होते. शिवाय लहरी वाढल्या एवढेच यंत्र सांगते. ती अवस्था 'उच्च' की नुसती वेगळी, हे आपण ठरवतो.

पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींनाच समाधीतले विघ्न म्हटले आहे. त्यामुळे डोळ्यांपुढे प्रकाश दिसला, अंग हलके झाले, की लगेच पोहोचल्याची द्वाही फिरवू नये. (शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रही देतात म्हणे!) आपले सिद्धरामेश्वर एवढे मोठे योगी, पण बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन त्यांनी तळे खोदले.

आयोजकांनी निदान एक करावे. मानसिक आजाराचे औषध चालू असलेल्यांना तासन्‌तास बसवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. काहींची घालमेल दीर्घ ध्यानाने वाढतेही.

– एक वाचक, सोलापूर