पावसाचा अलर्ट उशिरा आला, लाव्हाचा कधी येणार?

माननीय आपत्ती व्यवस्थापन मंत्री, न्यूझीलंड सरकार,
स. न. वि. वि.

मराठीत लिहितोय. इंग्रजीतून चार पत्रं पाठवली, चारही वेळा फक्त संदर्भ क्रमांक आला. काल पाचवं पाकीट आलं: ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’ वाचून १९ वर्षांनी पहिल्यांदा तहसील कचेरीची आठवण आली.

अर्ज साधा होता. ऑकलंड ५३ ज्वालामुखींवर वसलंय. माझ्या सँडरिंगहॅम उपनगरापासून माउंट ईडन, माउंट अल्बर्ट, थ्री किंग्ज सगळे हाकेच्या अंतरावर. (थ्री किंग्जची तर बरीचशी खाणच झाली. खडीसाठी आपण ज्वालामुखीही फोडून विकले!) पुढचा उद्रेक यांतल्याच एखाद्यातून होईल असं नाही, नवं तोंड कुणाच्या परसातही उघडू शकतं. मग गल्ली रिकामी करायची वेळ आली तर म्हाताऱ्या माणसांना कोण, कुठे नेणार? एवढंच विचारलं होतं. सभागृहातल्या बैठकीत एका साहेबांनी माईकवरून ‘सहा महिन्यांत नकाशा देतो’ म्हणून सांगितलं. दोन वर्षं झाली. चहा-बिस्किटं मात्र चांगली होती.

शास्त्रज्ञांवर माझा राग नाही. गाड्यांच्या धडधडीत बारीक हादरे हरवू नयेत म्हणून ते भूकंपमापक खोल बोअरमध्ये सोडतात. २००८ पासून ऑकलंडचा ज्वालामुखी-धोका मोजणाऱ्या ‘डेव्होरा’ प्रकल्पात विद्यापीठाची माणसं राख आणि तळ्यांतला गाळ चाळताहेत. तेच सांगतात की ७०-९० किलोमीटर खोलीवरून निघालेला शिलारस काही दिवसांतसुद्धा वर येऊ शकतो. काही दिवस, साहेब! तुमच्याकडे अर्जाला टेबल बदलायलाच तीन महिने लागतात.

२७ जानेवारी २०२३ चा ऑकलंडचा पूर विसरलात? पाऊस तर डोळ्यांना दिसत होता. त्यासाठी यंत्र लागत नव्हतं. तरी आणीबाणी जाहीर झाल्याचं कळायला रात्रीचे दहा वाजून गेले. तोवर माझी ७६ वर्षांची आई ओट्यावर बसली होती, मांडीवर देव्हाऱ्यातले देव आणि पासपोर्टची पिशवी. गुडघाभर गढूळ पाण्यात फ्रिज तरंगत होता. मी फोन लावत होतो आणि पलीकडून संगीत वाजत होतं. गालिचा फेकला, भिंती कापल्या, विम्याच्या माणसाने ‘बुरशी जुनी आहे’ म्हणून लिहून नेलं. आई अजून पाऊस लागला की झोपत नाही.

आणि तुम्ही काय केलंत? १ जुलै २०२५ ला भूगर्भाचा अभ्यास करणारी जीएनएस आणि हवामान-पाण्याचा अभ्यास करणारी निवा या सरकारी संस्था एकत्र करून नवी पाटी लावलीत. पाट्या, लोगो, सल्लागार, अहवाल, अहवालावर अहवाल. घरपट्टी मात्र दरवर्षी न चुकता वाढते, त्या खात्यात कधी एकही फाईल हरवत नाही.

ऑकलंडसमोरचा रांगिटोटो बेटाचा ज्वालामुखी सुमारे ६०० वर्षांपूर्वी फुटला तेव्हा शेजारच्या मोटुटापू बेटावर राहणाऱ्या इथल्या मूळच्या माओरी लोकांची आणि त्यांच्या कुत्र्यांची पावलं राखेत उमटली, ती आजही आहेत. कुत्र्यांसकट राखेतून चालून गेले लोक, संदर्भ क्रमांक न घेता.

नकाशा तयार झाला असेल तर पाठवा. पासपोर्टची पिशवी आता फ्रिजवर नाही, माळ्यावर ठेवलीय. तिथून ती आईच्या हाताला येत नाही.

आपला,
सँडरिंगहॅमचा एक करदाता
(अर्ज ‘निकाली’)