काळजीवाहकाचा भत्ता कायद्यात आहे, घरात कधी येणार?

मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

परवा तालुक्याच्या गावी आम्हा पालकांसाठी शिबिर झालं. विषय होता ‘मानवी गरजा आणि मनोसामाजिक विकास’. शेजारच्या काकूंना मुलाजवळ बसवून मी गेले. पडद्यावर मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड दाखवला. तळाला अन्न आणि झोप, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान. नंतर एरिक्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले आयुष्याचे आठ टप्पे. शिकवणारी मुलगी जीव तोडून शिकवत होती, तिच्यावर माझा राग नाही. शेवटी मी उठून विचारलं, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, या वयात माणसाला मैत्री आणि जवळीक लागते असं तुम्हीच दाखवलंत, ती त्याला कुठे मिळणार? आयोजक म्हणाले, “ताई, हा धोरणात्मक विषय आहे. तुम्ही रोज दहा मिनिटं प्राणायाम करत जा.” मग प्रमाणपत्रं वाटली आणि फोटो काढले.

धोरण तुम्ही ठरवता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, बोलणं फक्त मला आणि त्याच्या बहिणीला समजतं, समज मात्र पूर्ण आहे. अठरा पूर्ण झाली आणि विशेष शाळेने दाखला हातात ठेवला. प्रौढांच्या कार्यशाळेत चौकशी केली तर म्हणाले, स्वतःची शी-शू स्वतः करणारी मुलंच घेतो. तेव्हापासून तो घरात आहे. त्याची दाढी मी करते. मान मध्येच झटका देते, म्हणून डाव्या हाताने हनुवटी घट्ट धरायची आणि उजव्या हाताने गालावरून वस्तरा फिरवायचा. तेवढ्यात कोणी बाई दारात आली की तो डोळे गच्च मिटून घेतो. कपडे बदलताना दार उघडं राहिलं तर रडतो. आणि येणारा-जाणारा अजून विचारतो, “बाळ कसं आहे?” २४ वर्षांच्या माणसाला लाज असते, साहेब. त्याला कोणी आवडत असेल. कंटाळा तर येतोच येतो. तुमच्या खात्याच्या कुठल्या अर्जात या गोष्टीला रकाना आहे?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारा कोणीही, आईवडीलसुद्धा. म्हणजे मी कायद्यात आहे. कलम २४ सांगतं की ज्यांना जास्त आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता द्यावा. त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द घालून ठेवलेत आणि सगळी खाती त्यांच्याआड उभी राहतात. पंचावन्न हजार कोटींचा समृद्धी महामार्ग बांधताना कुवत कमी पडली नाही. केरळने २०१० मध्ये आश्वासकिरणम् योजना आणली, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम फुटकळ, तीही रखडते, पण अशी बाई राज्यात आहे एवढं तरी त्या सरकारने मान्य केलं. निराधार योजनेत दिव्यांगांचे दीड हजारांचे अडीच हजार केलेत, त्याबद्दल आभार. डायपर आणि फिटच्या गोळ्यांतच ते संपतात.

आता माझं सांगते, कारण त्या पिरॅमिडमध्ये मीही कुठेतरी असायला हवी. मी छप्पन्न वर्षांची आहे. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीत त्याला मीच उचलते. मणक्याची गादी सरकली आहे, डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका. रात्री कूस बदलायला दर थोड्या वेळाने उठावं लागतं. सलग झोप म्हणजे काय ते मी विसरले आहे, आणि झोप तर पिरॅमिडच्या अगदी तळाची पायरी! बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी जाऊ शकले नाही. माहेरी आई गेली तेव्हा पोचले ती उशिराच. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या, घरात कोणाची काळजी घेणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी १४० मिनिटं वेळ जातो. माझी १४० मिनिटं सकाळी नऊच्या आत संपतात. पुढचा दिवस कोणाच्या खात्यात मांडायचा?

हे माझ्या एकटीचं नाही. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली, पन्नास वर्षं उलटली, तरी सेविकेला पगार नाही, मानधनच आहे. आशाताईंचंही तेच. तान्ह्या बाळापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सांभाळण्याचं सगळं काम या राज्यात बायकांच्या मायेवर ढकललेलं आहे आणि माया फुकट मिळते म्हणून अंदाजपत्रकात तिला जागा नाही. भाषणात मात्र आम्ही माउली. मला माउली म्हणू नका. मला महिन्यातून दोन दिवस सुट्टी द्या, त्या दोन दिवसांत त्याला स्वच्छ ठेवील, कालवलेला भात ठसका लागू न देता भरवील असं माणूस द्या. तालुक्याला अठरा वर्षांवरच्या मुलांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र द्या, जिथे शी-शूची अट नसेल आणि त्याच्या वयाची चार माणसं भेटतील. भत्ता द्या. आणि माझ्यानंतर तो कुठे राहील, हे मी जिवंत असताना सांगा.

शिबिराचं निमंत्रण पुन्हा पाठवू नका. यातलं काय करणार आणि कोणत्या तारखेपासून, ते लेखी कळवा.

आपली,
एका दिव्यांग मुलाची आई
जि. सांगली