त्वचेवरच्या आठ गांधी म्हणजे आठ ॲलर्जी नव्हेत

माननीय संपादक महोदय,

परागकणांच्या ॲलर्जीवर आपल्या आरोग्य पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख उपयुक्त आहे. तथापि, त्वचाचाचणीत जितक्या वनस्पती पॉझिटिव्ह येतील तितक्या स्वतंत्र ॲलर्जी रुग्णाला आहेत, असा समज त्यातून होतो आणि तो बरोबर नाही.

मी स्वतः या चाचणीतून गेलो आहे. हातावर पेनाने आकडे लिहून प्रत्येकाशेजारी परागकणांच्या अर्काचा एकेक थेंब ठेवतात, त्यातून त्वचा किंचित टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध, म्हणजे त्वचेवरचा फुगवटा, मोजपट्टीने मोजतात. ती ३ मिलिमीटर किंवा अधिक भरली की चाचणी पॉझिटिव्ह. माझ्या हातावर आठ गांधी उठल्या. शिंका मात्र मला वर्षातून एकाच हंगामात, गवत फुलण्याच्या सुमारास येतात. उरलेल्या सात नावांचे काय, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि खरे तर मीही विचारले नाही.

ही चाचणी फक्त मास्ट पेशींवर (खाज आणि सूज आणणारी रसायने सोडणाऱ्या पेशींवर) बसलेली आयजीई प्रतिपिंडे, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडे, दाखवते. हे प्रतिपिंड प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा बाहेरून दिसणारा आकार ओळखते. प्रोफिलिन हे प्रथिन सर्वच सपुष्प वनस्पतींत असते आणि त्याचा आकार फारसा बदलत नाही. त्यामुळे गवताच्या प्रोफिलिनविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड बर्च या झाडाच्या किंवा रॅगवीड या तणाच्या प्रोफिलिनलाही जाऊन चिकटते, आणि ज्या झाडाने आपल्याला कधी त्रास दिलेला नाही त्याचेही नाव अहवालात चढते.

टी-पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, गणित याहून वेगळे आहे, आणि लेखात नेमका त्यांचाच उल्लेख नाही. टी-पेशी अख्खे प्रथिन पाहत नाही. दुसऱ्या पेशीने कापून आपल्या पृष्ठभागावरील एचएलए या रेणूवर मांडलेला, साधारण दीड डझन अमिनो आम्लांचा तुकडा ती वाचते; तिच्या दृष्टीने आकार गौण, त्या तुकड्यातील क्रम महत्त्वाचा. टिमोथी आणि राय या गवतांच्या प्रथिनांतील क्रम इतके जवळचे आहेत की एकाला सरावलेली टी-पेशी दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकते. बर्च आणि सफरचंद यांच्या बाबतीत तर प्रकार अधिकच मजेशीर आहे. बर्चची ॲलर्जी असलेल्या अनेकांना कच्चे सफरचंद खाताच तोंडाला खाज सुटते. ते शिजवले की प्रथिनाची घडी मोडते, प्रतिपिंडाला ते ओळखू येत नाही आणि खाज थांबते. परंतु अमिनो आम्लांचा क्रम शाबूत राहत असल्याने टी-पेशी त्याला ओळखतातच, आणि ज्यांना मुळात इसब आहे अशा काही रुग्णांचे इसब त्याने चाळवते.

हा फरक उपचारांपर्यंत पोहोचतो. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचे इंजेक्शन देऊन सुरू केलेली, शरीराला परागकणांची सवय लावणारी पद्धत (इम्युनोथेरपी) आज किमान तीन वर्षे चालवावी लागते आणि तिचा परिणाम बऱ्याच अंशी टी-पेशींचे वर्तन बदलण्यातून होतो. अशा वेळी पॉझिटिव्ह आलेल्या आठही वनस्पतींचे अर्क एकाच कुपीत मिसळले, तर प्रत्येकाचे प्रमाण पातळ होते आणि मूळ दोषी असलेला अर्क पुरेसा मिळतच नाही. प्रथिनवार रक्तचाचणी येथे कामी येते: टिमोथीचे फ्ल पी ५ किंवा बर्चचे बेट व्ही १ हे प्रथिन पॉझिटिव्ह असेल तर त्या वनस्पतीगटाची खरी ॲलर्जी संभवते, केवळ प्रोफिलिन किंवा पोलकॅल्सिन (अनेक वनस्पतींच्या परागकणांत आढळणारे तसेच एक प्रथिन) पॉझिटिव्ह असेल तर आधी क्रॉस-रिॲक्शनचाच, म्हणजे एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटण्याचाच, संशय घ्यावा. अर्थात काही रुग्णांना खरोखरच अनेक परागकणांचा स्वतंत्र त्रास असतो, त्यामुळे जादा गांधी सरसकट खोट्या मानणेही चूकच.

लेखात दिलेल्या वनस्पतींच्या तक्त्यात प्रत्येकीचा फुलण्याचा काळ छापावा आणि त्याशेजारी स्वतःच्या त्रासाचे महिने लिहिण्यासाठी एक रकाना कोरा सोडावा, अशी विनंती आहे. तो तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला असता, तर मला माझ्या सात नावांविषयी निदान विचारता आले असते.

आपला,
एक वाचक