फाटकाच्या अलीकडे

आयंडहोवन,
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर दादाने विचारलं, "तू एवढी थीम पार्कं पाहिलीस, मग आम्ही तिकडे आल्यावर चिऊला नेमकं कुठलं दाखवायचं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हा आई, तू म्हणालीस, "सगळीकडे पाळणेच असणार, कुठेही नेलं तरी पोर खूश." फोन ठेवला आणि आठवडाभर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. फोनवर माझी फार घाई होते, म्हणून आज पत्रच लिहायला बसले.

पाळणे सगळीकडे आहेत हे खरंच. पण त्या जागा मला पाळण्यांमुळे आठवत नाहीत. आठवतं ते तिथे पोहोचणं. गाडीतून उतरल्यापासून आत पहिलं पाऊल टाकेपर्यंत जो वेळ जातो, तो. फ्लोरिडातली दोन वर्षं, जपानमधली चार आणि आता इथली, नेदरलँड्समधली. एवढ्या काळात जिथे जिथे गेले तिथे पहिल्या अर्ध्या तासातच कळायचं, की ही जागा बांधताना कुणी येणाऱ्या माणसाचा विचार केलाय की नाही.

सगळ्यात आधी फ्लोरिडा. नोकरीला लागून दोन महिने झाले होते आणि ऑफिसबाहेर ओळखीचं एकही माणूस नव्हतं. एका शनिवारी एकटीच मॅजिक किंगडमला, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मुख्य पार्काला, निघाले. रस्त्यावर वॉल्ट डिस्ने वर्ल्डची मोठी कमान लागली. वाटलं, आलं. पण कमानीखालून गेल्यावरही रस्ता संपेना. दोन्हीकडे नुसती झाडी, कुठे दुकान नाही, जाहिरात नाही. डिस्नेच्या कॅलिफोर्नियातल्या पहिल्या पार्काभोवती मोटेलं आणि पाट्या अगदी भिंतीला येऊन टेकल्या होत्या. ते वॉल्ट डिस्नींना इतकं खुपलं, की फ्लोरिडात त्यांनी आधी चाळीसेक चौरस मैल जमीनच घेऊन ठेवली. गाडी लावली तरी पार्क दिसत नव्हतं, कारण मध्ये तळं आहे. पलीकडे जायला मोनोरेल किंवा बोट. मी बोट धरली.

बोट सुटली तेव्हा समोरचा राजवाडा नखाएवढा दिसत होता. खरा तो १८९ फूट उंच आहे. धक्क्यावर बराच गलका होता, पण पाण्याच्या मध्यावर आलो तसा तो आपोआप ओसरला. माझ्या शेजारी एक आजोबा नातीला कठड्याशी उभं करून मागून धरून होते. दोघंही बोलत नव्हती. राजवाडा हळूहळू मोठा होत होता आणि मला त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच कसलीही घाई वाटत नव्हती. बाबा, त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता आणि पार्काबद्दल काही न सांगता बोटीबद्दलच बोलत राहिले होते. तुम्ही विचारलंतही, "अगं, पण आत काय होतं?"

नंतर कळलं की ते तळं माणसांनी खोदलेलं आहे. त्यातून निघालेली माती पलीकडे पसरून पार्काची जागा उंच केली. म्हणजे लोक ज्या रस्त्यांवरून फिरतात तो खरं तर वरचा मजला. खाली जमिनीच्या पातळीवर लांबच लांब बोगदे आहेत आणि कर्मचाऱ्यांची ये-जा, सामान, कचरा, सगळं तिथून चालतं, पाहुण्यांच्या नजरेला न पडता. हे सगळं उभं राहिलेलं पाहायला वॉल्ट डिस्नी नव्हते. ते १९६६च्या डिसेंबरात गेले. निवृत्त व्हायला आलेल्या थोरल्या भावाने, रॉय यांनी, काम तडीस नेलं, १ ऑक्टोबर १९७१ला पार्क उघडलं आणि त्याच डिसेंबरात तेही गेले. पुढे प्रत्येक वेळी त्या बोटीत बसले की मला त्या दोन भावांची आठवण व्हायची.

कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ला उघडलेलं, मी त्यानंतर पाहिलं. तिथे तळ्याला जागाच नाही. हॉटेलांच्या गजबजलेल्या रस्त्यावरून थोडं चाललं की फाटक. पण पार्काभोवती मातीचा उंच बांध घातलाय, त्यावरून आगगाडी फिरते, आणि आत शिरायचं ते तिच्या रुळांखालच्या छोट्याशा बोगद्यातून. बोगद्यावर पाटी आहे, की आजचा दिवस इथेच सोडून तुम्ही कालच्या, उद्याच्या आणि कल्पनेच्या जगात पाऊल टाकताय. मोजकी पावलं सावलीत चालायचं आणि पलीकडे जुन्या गावातल्यासारखा रस्ता. बाहेरच्या गाड्या, विजेच्या तारा, काहीच दिसत नाही. फ्लोरिडात जे काम अख्ख्या तळ्याने केलं, ते इथे मातीच्या एका बांधाने आणि बोगद्याने केलंय. मला हे जास्त कौतुकाचं वाटतं.

त्या रस्त्यावरची घरं खालच्या मजल्यावर जवळजवळ खऱ्या मापाची आणि वर जावं तशी लहान लहान होत गेलेली आहेत, त्यामुळे ती आहेत त्याहून उंच भासतात. वरच्या खिडक्यांवर नावं रंगवली आहेत. दुकानदारांच्या पाट्याच वाटतात, पण त्यातली कितीतरी नावं हे पार्क उभारणाऱ्या माणसांची आहेत. राजवाडा जेमतेम ७७ फुटांचा, फ्लोरिडातल्याच्या निम्माही नाही. तरी बोगद्यातून बाहेर आल्यावर मला तो लहान वाटला नाही.

पॅरिसला दादा-वहिनी आधी जाऊन आलेत, त्यामुळे लांबण लावत नाही. रेल्वेचं शेवटचं स्टेशन, जिना चढून वर आलं की समोरच पार्क. तिकीट-फाटकांच्या वर चक्क एक गुलाबी हॉटेल बांधलंय आणि त्याच्या पोटातून आत जायचं. पुढच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी छपराच्या गल्ल्या आहेत, पाऊस आला तर तिथून चालता यावं म्हणून. १९९२ साली हे बांधताना पेच असा होता, की ज्या भागात खरे राजवाडे पावलोपावली आहेत तिथे लोकांना काय दाखवायचं? म्हणून त्यांनी खऱ्याच्या जवळपास न जाता पुस्तकातल्या चित्रासारखा गुलाबी, निमुळता राजवाडा केला, भोवती चौकोनी छाटलेली झाडं लावली आणि तळघरात एक ड्रॅगन ठेवला. दादा, तळघरात उतरला होतास का रे? नसशील तर परत जायला हवं.

हाँगकाँगला सनी बे स्टेशनवर गाडी बदलावी लागते. पुढच्या छोट्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, म्हणजे पोहोचायच्या आधीच मुलं खिडकीला चिकटतात. तिथली एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी, बाबा. स्टेशनपासून फाटकाकडे जाणारी वाट सरळ नाही, तिला मुद्दाम बाक दिलाय. तिथल्या वास्तुशास्त्राप्रमाणे, म्हणजे फेंगशुईप्रमाणे, वाट सरळ ठेवली तर शुभ ऊर्जा समुद्राकडे वाहून जाते. फाटकाची दिशाही त्यासाठी थोडी फिरवली. ऊर्जेचं मला माहीत नाही, पण वळणामुळे पुढचं एकदम दिसत नाही, आणि दिसलं की राजवाड्यामागे हिरवे डोंगर उभे असतात. तसे डोंगर मी दुसऱ्या कुठल्याच डिस्ने पार्कामागे पाहिले नाहीत. शांघायला २०१६ साली उघडलेला राजवाडा या सगळ्यांत मोठा आहे. पण खरं सांगते, आल्या आल्या इतकं मोठं काही समोर आलं की मी पाहतच राहते, जवळ जावंसं मात्र वाटत नाही.

फ्लोरिडात ओरलँडोला युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीचं पार्क आहे, त्याची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी. बहुमजली पार्किंग, सरकते पट्टे, तपासणी, मग दुकानं-हॉटेलांचा अख्खा बाजार, मोठ्याने गाणी, आणि शेवटी तो फिरणारा पृथ्वीचा गोल. तिथे काही लपवलेलं नाही. तरुण पोरांना ते आवडतं, मलाही तेव्हा आवडलं. आई, तुला नाही आवडणार.

आता टोकियोचं डिस्नेलँड. याच्याबद्दल मी हातचं राखून लिहू शकत नाही. पार्काजवळच्या माइहामा स्टेशनवर गाडी सुटताना वाजणारी धूनसुद्धा डिस्नेच्या गाण्यांची असते. मी रजा काढून एका मंगळवारी गेले होते. फाटक उघडायला तास होता आणि समोर हजारो माणसं. गर्दी पाहून मी आधी मागेच सरकले. मग दिसलं की लोक जमिनीवर छोट्या सतरंज्या अंथरून बसलेत. आज्या पुस्तक वाचताहेत, मुलं एकमेकांच्या टोप्या पाहताहेत. फाटक उघडायची वेळ झाली तशा सगळ्यांनी सतरंज्या घडी करून पिशवीत घातल्या, उभे राहिले आणि रांग पुढे सरकली. एका मुलीने सतरंजीखालचा कागदाचा कपटा उचलून खिशात टाकला, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. आत शिरताना कर्मचारी दोन्ही हात हलवत होते. आतला पहिला रस्ता अख्खा काचेच्या छपराखाली आहे, कारण तिथे पाऊस भरपूर. हे १९८३चं पार्क.

त्याच्या शेजारचं डिस्नेसी, २००१चं, तर पोहोचण्याच्या बाबतीत मला या सगळ्यांत पुढचं वाटतं. फाटकातून आत गेलं की मोठा पृथ्वीगोल, त्याच्यावरून पाणी वाहत असतं. समोर एका हॉटेलची भिंत आणि भिंतीत कमान. कमानीतून पलीकडे गेले आणि एकदम समुद्रकाठचं बंदर, जहाजं, आणि पाण्यामागे धूर सोडणारा ज्वालामुखी. माझ्या मागचे लोकही थांबले होते, कुणी मला ढकललं नाही. त्या कमानीत मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

वाईट अनुभवही एक सांगते, पार्काचं नाव मात्र लिहीत नाही. भर उन्हाळा, तपासणीच्या रांगेत सव्वा तास, डोक्यावर सावली नाही, प्यायला पाणी नाही, कुणी काही सांगायलाही नाही. माझ्या पुढची चारेक वर्षांची मुलगी आधी नाचत होती, मग रडली आणि फाटकाशी पोहोचेपर्यंत वडिलांच्या खांद्यावर झोपून गेली. आतला देखावा अप्रतिम होता. तिने तो पाहिला नाही. त्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. एवढे पैसे राजवाड्यावर घालणाऱ्यांना चार छपरं आणि पाण्याचा एक नळ सुचू नये, याचा मला आजही राग येतो.

म्हणूनच दादाच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, एफ्टेलिंग. इथून जवळ, काट्सहोवेल गावात. नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, पण ते कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडहूनही जुनं आहे, १९५२चं. चित्रकार आंतोन पीक यांच्या चित्रांवरून तिथे परीकथांचं जंगल उभारलं आणि बाकीचं त्याभोवती वाढत गेलं. मी गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. झाडांमधून चालत गेलं की पुढे प्रचंड गवती छप्पर दिसतं, त्याची पाच टोकं आकाशात वर गेलेली. पंचेंद्रियांचं घर म्हणतात त्याला, तेच प्रवेशद्वार. चकाकणारं काही नाही. ओल्या गवताचा आणि मातीचा वास होता. बसायला बाकं होती आणि लोक खरंच बसलेले होते, कुणाला पुढे पळायची घाई नव्हती.

आत जंगलात लांब मानेचा एक माणूस आहे, त्याची मान वर वर जाते आणि खाली येते. जमिनीवरच्या अळंब्यांमधून गाणं ऐकू येतं. आणि कचऱ्याच्या पेट्या म्हणजे तोंड उघडून बसलेला जाड्या माणूस. तो सारखा ओरडतो, "पापीर हीर", कागद इकडे! कागद तोंडाशी नेला की ओढून घेतो आणि आभार मानतो. एक पोरगा त्याला भरवायला अख्ख्या वाटेवर कागद शोधत हिंडत होता. मला लगेच चिऊ दिसली.

बाबा, गुडघ्यांची काळजी करू नका, तिथे चाकाची खुर्ची भाड्याने मिळते आणि वाटा सपाट आहेत. मी तिकिटं आधीच काढून ठेवते. दुसऱ्या दिवशी काहीही ठरवणार नाहीये, पाय दुखले तर घरीच बसू. पॅरिसचं नंतर पाहू. टोकियोच्या त्या कमानीत मात्र तुम्हा दोघांना एकदा उभं करायचंय, ते माझ्या मनात पक्कं आहे.

दादा-वहिनींना नमस्कार, चिऊला खूप पापे.

तुमची,
बेबी

ता. क. वहिनी, चिऊला भिंतीला उभं करून उंची मोज आणि सेंटिमीटरमध्ये कळव. मोठ्या राइडना उंचीची अट असते, एकीला तर १३२ सेंटिमीटर लागतात. फाटकापर्यंत जाऊन तिला नाही म्हणायची वेळ यायला नको, म्हणून कुठे जाता येईल ते मी आधीच ठरवून ठेवते. आणि तिचे पायात मुरलेले जुने बूटच आणा, नवे नकोत.