अप्पांच्या दोन गोळ्या

प्रिय अव्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या मेसेजना नुसते अंगठे. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, हिचं आणि पोरांचं झकास. झालं क्षेमकुशल.

अप्पांचं सांगायचंय. नंद्याला सांगून पाहिलं, तर म्हणाला "वय झालं, चालायचंच." ताईला सांगावं तर ती रडायला लागते आणि समजूत मलाच काढावी लागते. राहिलास तू.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत. "अरे, मला घरी कधी सोडणारेत?" मी घाईघाईने व्हिडिओ कॉल लावला. अप्पा घरातच होते रे. आपल्या नेहमीच्या खुर्चीत, मागे आईचा फोटो. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत टॉवेल, चष्म्याचं रिकामं घर अन् टीव्हीचा रिमोट. म्हणाले, "बिलाचं तेवढं बघ, मी तयार आहे."

मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा. स्मृतिभ्रंश. आता सगळं संपलं. शेजारच्या काकांकडे किल्ली असते, त्यांनी रात्रीच दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत रिपोर्ट आला होता: सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११७. असायला हवं १३५ ते १४५. ड्युटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, पण आपल्या मोने सरांसारख्या प्रश्न विचारणाऱ्या. "हे कधीपासून?" मी म्हटलं, आठवडाभरात. त्या म्हणाल्या, विसरभोळेपणा सहसा महिन्या-वर्षांनी येतो. चार-आठ दिवसांत माणूस बदलला तर आधी सोडियम बघायचं, साखर बघायची, लघवीचं इन्फेक्शन आहे का बघायचं आणि नवी गोळी कुठली सुरू झाली ते विचारायचं.

गोळ्या म्हटल्यावर माझी छाती फुगली. माझं ते एक्सेल तुला माहितीये, ज्याला तू 'अप्पांचा अर्थसंकल्प' म्हणायचास. रंगीत रकाने, वेळा, डॉक्टरांची नावं. लगेच पाठवलं. वीस मिनिटांनी त्या परत आल्या आणि फोन माझ्यासमोर धरला. "ओळ ४ आणि ओळ ९ वाचा."

ओळ ४ बीपीची जुनी गोळी. ओळ ९ नव्या डॉक्टरांनी दिलेली. नावं अशी की एकमेकांच्या नात्यातलीही वाटू नयेत. दोन्हींत क्लोरथॅलिडोन! लघवीवाटे पाणी काढून बीपी उतरवणारं औषध, ते पाण्याबरोबर मीठही घेऊन जातं, आणि म्हाताऱ्या शरीराला ते झेपतंच असं नाही. इथे तर ते दोनदा जात होतं. स्ट्रिपवर औषधाचं खरं नाव असतं, पण इतकं बारीक की मी मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचलं. नव्या डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, आधी काय चालू आहे? अप्पांचं उत्तर: "पांढरी, छोटी."

अव्या, त्या दोन्ही ओळी मी स्वतः टाइप केल्या होत्या. एक हिरवी, एक पिवळी. पाच आठवडे रोज संध्याकाळी "दोन्ही घेतल्या ना?" म्हणून मीच दटावत होतो. न विसरता.

अजून ऐक. बीपीची वही. मी मशीन घेऊन दिलं होतं आणि रोजचा आकडा ते फोनवर सांगायचे. वही उघडली तर अकरा दिवस ओळीने १३०/८०. त्याच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. मशीन कधी इतकं गोल बोलतं का? सेल केव्हाच संपले होते. शुद्धीवर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "तुला जो आकडा आवडतो तो देत होतो. दुसरा दिला की तू तासभर डोकं खायचास." यावर काय बोलणार?

सोडियम मात्र झटकन वाढवत नाहीत. चोवीस तासांत फार तर ८ ते १० अंक, नाहीतर मेंदूलाच इजा होते. त्यामुळे रोज एक छोटी उडी आणि मी बाकावर. तिसऱ्या दिवशी अप्पांनी नर्सला तिच्या इंग्रजीतली चूक दाखवली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो.

त्या बाकावर मला तू आठवत होतास. तू आईसाठी नोकरी सोडून गेलास तेव्हा मी जे भाषण ठोकलं ते. "सगळं फोनवर होतं आता, भावनेच्या भरात करू नकोस." तू तीन महिने बोलला नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की अव्या आकसखोर आहे. आकसखोर तू आहेसच (कॅरमच्या त्या स्ट्रायकरवरून आजही कुरकुरतोस), पण त्या वेळी मूर्ख मी होतो.

आता जुन्या स्ट्रिपा फेकल्यात. कपाटाच्या दारावर एकच कागद, त्यावर ब्रँड नाही, औषधाचं नाव. नवी गोळी लिहून मिळाली की आधी फॅमिली डॉक्टरांच्या नजरेखालून जाते. "घेतल्या का?" विचारणं बंद. रविवारी डबी कॅमेऱ्यासमोर उघडायची, रिकामे कप्पे मी मोजतो. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोनदा. कालचा आकडा १४३/७९ आला आणि मी आनंदाने उडालो. असला वेडावाकडा आकडा कोणी बनवत नाही.

पण खरं सांगू? ती भीती जात नाही. गोंधळ सगळा सोडियमचाच होता का, आत दुसरं काही होतं आणि सोडियमने नुसतं उघडं केलं? डॉक्टर म्हणतात, आजारात स्मरणशक्तीची चाचणी घेण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांनी बघू. तोवर मी प्रत्येक फोन परीक्षकासारखा ऐकतो. परवा त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. ती ते तीस वर्षं दोनदाच सांगतात, तरी मी रात्रभर जागा.

तुझ्या आईच्या वेळी तुला हे असं व्हायचं का? तेव्हा मी विचारलंच नाही.

बाकी तुझं नवं काम मार्गी लागलं का, पोरीचा निकाल काय, पाठ काय म्हणतेय, सगळं एकदम लिही. मी अंगठा देणार नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. अप्पांनी तुला आशीर्वाद कळवलेत. नाव त्यांनी आपणहून घेतलं. आडनाव मी विचारलं नाही.