धर्मगुरूंना प्रभाग कार्यालयाचीही ओळख करून द्या

महोदय,

तुर्कस्तानातून इमाम पाठवण्याची अनेक वर्षांची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून त्यांना जर्मनीतच शिकवून तयार करायचे, असे डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने ठरवले. ओस्नाब्रुक शहरात जर्मन भाषेतून इमामांचे प्रशिक्षण त्याआधी, २०२१ मध्येच सुरू झाले होते. फ्रान्सने २०१७ मध्ये तुरुंग, रुग्णालये आणि सैन्यात नव्याने नेमल्या जाणाऱ्या सर्व धर्मांच्या पगारी धर्मोपदेशकांना नागरी कायद्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. युरोपातील या धोरणांमागे काही अंशी संशयही आहे आणि तो आपण उचलू नये. पण नवख्या माणसांना वाट दाखवणारा स्वतःच नवखा असतो, हे त्यांनी हेरले, ते मात्र आपल्याला लागू पडते.

आमच्या भिवंडीत यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे येतात. आल्या आल्या ती मशिदीत किंवा देवळात जातात, कारण तिथे आपली भाषा बोलणारा कोणीतरी भेटतो. आमच्या गल्लीतल्या मशिदीचे पेशइमाम स्वतः तीन वर्षांपूर्वी बिहारमधून आले आणि मशिदीच्याच खोलीत राहतात. शेजारच्या मंदिराचे पुजारीही पूर्वांचलचे. दोघांच्याही शब्दाला वजन आहे, पण प्रभाग कार्यालयाचा जिना दोघांनीही चढलेला नाही.

याची किंमत मी शिक्षक म्हणून पाहिली. चाळीतच जन्मलेल्या एका मुलाच्या कानात मौलानांनी अजान दिली, नाव ठेवले, मिठाईही वाटली गेली. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे मात्र कोणी सांगितले नाही. मूल शाळेत आले तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे ते वर्गात बसले. पण वर्ष उलटल्यावर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यासाठी बापाचे कित्येक दिवसांचे खाडे झाले. मागावर खाडा म्हणजे मजुरी गेली. गावाकडच्या शिधापत्रिकेवर इथल्या दुकानातही धान्य मिळू शकते, घरच्यांचा वाटा गावी ठेवून आपला इथे उचलता येतो, हेदेखील त्याला माझ्याकडूनच कळले. लग्नाचेही तसेच आहे. बालविवाह लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, म्हणजे हा कायदा थेट पुरोहित आणि काझी यांच्या दारात येतो. तो त्यांना समजावून सांगायला मात्र कोणी जात नाही.

गंमत अशी की, धर्मगुरूंना विश्वासात घेण्याचे काम भिवंडीला नवे नाही. १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना हे शहर शांत राहिले. त्या कामाचे मोल मोठेच आहे. परंतु आजही गणपती आणि मोहरम जवळ आले की मौलाना व पुजारी यांना बोलावणे येते ते पोलीस ठाण्याचे. महापालिकेला त्यांची आठवण होत नाही.

माझी सूचना साधी आहे. महापालिकेने वर्षातून दोन-तीनदा अर्ध्या दिवसाचे वर्ग घ्यावेत. जन्म-मृत्यू नोंदणी, शिधावाटप, शाळाप्रवेश, विवाह नोंदणी, मतदार यादीतला पत्ताबदल एवढेच विषय ठेवावेत आणि त्या त्या विभागातल्या कारकुनालाच शिकवायला बसवावे. भाषा हिंदी, उर्दू, तेलुगू अशी असावी, सोबत कामापुरती मराठीही शिकवावी. पुजारी, इमाम, पाद्री, गुरुद्वारातले ग्रंथी सर्वांना एकाच वर्गात बसवावे आणि हजेरी ऐच्छिक ठेवावी. पोलीस मात्र तिथे नसावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी वर्ग ओस पडेल.

वर सांगितलेल्या मुलाची हकीकत मी त्या मौलानांच्या कानावर घातली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या शुक्रवारी मशिदीतल्या फळ्यावर नमाजाच्या वेळांखाली खडूने एक ओळ वाढलेली दिसली : ‘बच्चे की पैदाइश २१ दिन के अंदर लिखवाइए’.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, भिवंडी