सहाण फडताळातच असू दे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी बाळाला घेऊन कोल्हापूरला येतोय, चांगले 2 महिने. बाळ पाजल्यावर दूध टाकतं, त्याबद्दल आधी एक सांगायचंय, फोनवर ते नीट सांगता आलं नाही. आई, बाळाला गुटी द्यायची नाही, ग्राइपवॉटर नाही, वरचं दूध नाही, पाणीसुद्धा नाही. 6 महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं. आम्ही तसं ठरवलंय. तुझ्या हातची गुटी चाटूनच मी आणि दादा वाढलो. वेखंडाचा एक वेढा, जायफळाचे दोन, किती निगुतीने उगाळायचीस तू. पण सहाणेवरून, मुळ्यांवरून, पाण्यातून जंतू पोटात जाऊ शकतात, आणि दूध टाकणं काही त्याने थांबत नाही. मधाचं तर बोटही वर्षाच्या आत नको. गारगोटीच्या आत्याला मीच सांगेन, बारशाला झालं तसं पुन्हा नको.

अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप अजून सैल आहे, म्हणून बाळ टाकतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, बसायला लागलं की उतरतं, वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. म्हणजे आपल्याकडचा मुक्काम नेमका जास्तीच्या दिवसांतला. दुपटं बघून घाबरू नका. 2 चहाचे चमचे, म्हणजे 10 मिली दूध कोरड्या दुपट्यावर ओतून बघा, तळहाताएवढा डाग सहज पसरतो आणि वाटतं, प्यालेलं सगळं बाहेर आलं. दह्यासारखं फाटलेलं आलं तरी माझं दूध नासलेलं नसतं गं, पोटातल्या आम्लाने ते फाटतंच. माझ्या पांढऱ्या रश्श्यालाही बोल लावू नकोस.

दूध जोरात येतं तेव्हा बाळ घाईघाईने गिळतं, बरोबर हवाही जाते. म्हणून पहिली धार मी दुपट्यात सोडते, मग मागे रेलून पाजते. वाया घालवतेय असं वाटून जीव तुटेल तुझा, पण तेवढं जाऊ दे.

बाबा, पाजून झालं की 20-30 मिनिटं बाळाला उभं धरायचं काम तुमचं. खांद्यावर तो जुना पंचा टाका, एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्याने पाठ हलकेच चोळा. पोट दाबलं जाऊ देऊ नका. उडवायचं, नाचवायचं नाही. तुमची रंकाळ्याची फेरी आणि दुपारची झोप मोडणार नाही, त्या वेळी मी असेन.

तेल-अंघोळ पाजायच्या आधी, लंगोट सैल, धुरी नको. झोपवायचं पाठीवरच, मोहरीची उशी न घालता. दूध घशात अडकेल म्हणून कुशीवर किंवा पालथं करू नका. उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, आलेलं दूध खालीच परततं. पालथं केलं की उलट होतं.

दिवसरात्रीत निदान 6 लंगोट ओले होताहेत, वजन वाढतंय, टाकून झाल्यावर खेळतंय, तोवर औषध नको. पण हिरवी उलटी, रक्त, दर पाजण्यानंतर लांब उडणारी पिचकारी, ताप, फुगलेली टाळू, ताठ पोट, पिणं सोडणं किंवा शू कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे 2 वाजले असले तरी मला उठवा, लगेच दवाखाना. आपले डॉक्टर नसले तर सीपीआर, ते सरकारी हॉस्पिटल. ‘आधी दृष्ट काढू, सकाळी बघू’ नाही.

आई, रागावू नकोस. तुला करायला कमी नाही. मला तुझी अळिवाची खीर हवीय, आणि माझ्या डोक्याला तेल घालून दे, पूर्वी शाळेत जाताना घालायचीस तसं. दुपटी मी धुईन, तू गुडघे घेऊन मोरीत बसायचं नाहीस. 20 आणतेय, पुरणार नाहीत. ट्रंकेतलं आज्जीचं मऊ लुगडं फाडून आणखी 10 करून ठेव. कापायचं काम बाबांना दे, तू नुसता धावदोरा घाल.

तुमची,
चिमी